अनुभव धागा: फळीवरचा हात, पडद्यावरचा हात

पेंटरची लेक

मागच्या आठवड्यात बेळगावच्या शहापुरातल्या एका किराणा दुकानाची जुनी पाटी खाली उतरवली. कर्नाटकच्या भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीवरची साठ टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, म्हणून मालकांनी नव्या पाटीचे काम मला दिले होते आणि मी टेप घेऊन मापे घ्यायला गेले होते. फळी पायरीला टेकवली तेव्हा उन्हाने पोपडे धरलेल्या कन्नड अक्षरांखालून निळ्या रंगातला देवनागरी ‘णा’ डोकावला. ‘किराणा’मधला असावा. दोन्ही थर माझ्या बाबांच्या हातचे आहेत. कोपऱ्यात सही नव्हती, पण तिची गरजही पडली नाही. बाबांच्या वेलांटीच्या टोकाला किंचित झोल असायचा, आणि कन्नड अक्षरांच्या डोक्यावर जो तुरा येतो, ज्याला तलकट्टु म्हणतात, तोही ते तसाच झोल देऊन ओढत.

बाबांचे काम अंगणातच चाले. खडूची पूड लावलेली सुतळी दोन टोकांना ताणून धरायची आणि मध्ये उचलून सोडायची, की फळीवर पांढरी सरळ रेघ उमटे. एक टोक नेहमी माझ्या हातात असे. मराठी अक्षरे आधी आणि शिरोरेघ सर्वांत शेवटी. “भिंती उभ्या झाल्याबिगर छप्पर घालू नये,” असे ते म्हणायचे. त्यांना कन्नड वाचता येई ते फक्त पाट्यांवर असते तेवढेच.

मी आता सगळे टॅबवर करते. परवा रात्री सहज म्हणून त्यांची वेलांटी काढायचा प्रयत्न केला आणि ती काही केल्या जमेना. मग लक्षात आले, की ॲपमधले स्टॅबिलायझर हाताचा थरथराट पुसून टाकते. ते शून्यावर आणले, तरीही मराठीत झोल येईना. मात्र कन्नड तलकट्टु काढताना तो पहिल्याच फटक्यात आला. कारण उघड आहे. मराठी मला शाळेत कित्त्यावरून गिरवायला लावली, आणि कन्नड अक्षरे मी अंगणात वाळत ठेवलेल्या पाट्यांवरून, बाबांच्या हाताची नक्कल करत शिकले. बाबांचा हात माझ्याकडे आला तो त्यांना नीट न येणाऱ्या भाषेतून, याचे थोडे वाईट वाटले आणि थोडे हसूही आले.

चित्र, शिल्प, भरतकाम, रांगोळी, फोनवरचे रेखाटन, यांपैकी कशातही काम करताना आपण कोण आहोत हे तुम्हाला अवचित दिसले असेल, तर जरूर लिहा.

खानापूरचे चाक

आमचे घर कुंभाराचे. धारवाडला वसतिगृहात असताना मी हे तीन वर्षे कोणाला सांगितले नाही, घरी शेती आहे असेच सांगत आलो. पुढे त्रिमितीय शिल्पांचे संगणकीय काम शिकायला लागलो. झीब्रश या शिल्पांच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा गोळा उघडला तर तो तांबूस मेणासारखा दिसतो, तिथला मूळचा रंगच तो आहे. मला मात्र तो आव्यात घालण्याआधी आजोबांनी हात फिरवलेल्या ओल्या घटासारखा दिसला आणि मी नकळत दोन्ही तळवे पँटला पुसले. सुट्टीत घरी स्वतःच्या चेहऱ्याचे शिल्प करत बसलो होतो, तेव्हाही तेच केले असावे. बाबा मागे उभे राहून बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, “हाताला चिखल लागत नाही, मग पुसतोस कशाला गा?”

त्यानंतर वर्गात स्वतःची ओळख म्हणून काहीतरी सादर करायचे होते, तेव्हा मी तेच शिल्प ठेवले आणि डोक्याच्या जागी मडक्याचा काठ केला. हसले सगळे. पण कशाचा काठ आहे ते मी सांगितले.

घाईत आहे

कुकर लावून वाचायला बसले आणि शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. पेंटरच्या लेकी, तुमच्या बाबांचे ब्रश अजून आहेत का? आमच्या गल्लीतल्या पेंटरमामांनी फ्लेक्स आल्यावर ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवले आणि ते तिथेच कडक होऊन गेले.

पेंटरची लेक

दोन आहेत. एकाचे केस इतके झिजले आहेत, की त्याने फक्त अनुस्वारच देता येईल.

गवंती

माझी आई धारवाडची कन्नड आणि वडील वडगावचे मराठी. “तू नक्की कोण?” हा प्रश्न मला दोन्हीकडच्या लग्नांत विचारला गेला आहे, आणि दोन्हीकडे उत्तर देण्याआधी ताटात पुरी पडल्याने मी सुटले आहे.

आईकडून मी कसुती हे भरतकाम शिकले. ही कापडाचे धागे मोजून करायची असते, छापा काढायचा नाही आणि गाठ मारायची नाही. गवंती टाका उलटसुलट सारखाच दिसतो, कारण जाताना एक घर सोडून एक टाका घालायचा आणि परतताना राहिलेली घरे भरायची. परतीची वाट आधी डोक्यात हवी, नाहीतर सुई अशा कोपऱ्यात अडकते की पुढे जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही. टाळेबंदीच्या काळात मी फोनवर बत्तीस बाय बत्तीस चौकटींचे पिक्सेल चित्र करायला घेतले, तेव्हा हात अडखळलाच नाही. तिरपी रेघ तिथे पायऱ्यापायऱ्यांनीच काढावी लागते, आणि कसुतीतला मुर्गी टाका पायऱ्यांचाच असतो. स्वतःचा चेहरा काढायला बसले. नाकाला दोनच चौकटी मिळाल्या, त्यामुळे नाक आईचे की आत्याचे हा जुना वाद निकाली निघाला.

मग तो चेहरा मी उलट प्रवासाने इरकल साडीच्या पदरावर गवंतीत उतरवला. कसुतीत तुळशीवृंदावन, गोपूर, रथ, हत्ती हे ठरलेले असतात. मी हत्तीच्या जागी माझी स्कूटी घातली. आईने पदर उलटून मागची बाजू तपासली, कारण ती कधीही पुढची बाजू आधी बघत नाही, आणि म्हणाली की स्कूटीचे मागचे चाक एक धागा चुकले आहे. स्कूटी का, हे तिने विचारले नाही.

निपाणीकर

पदराचा फोटो टाका की अक्का. नुसत्या वर्णनावर आमची बोळवण करू नका.

माझा अनुभव लहान आहे आणि फारसा कलात्मक नाही. एका एआय ॲपला मी माझा फोटो दिला आणि सीमाभागातला मराठी माणूस म्हणून चित्र कर, असे सांगितले. त्याने मला फेटा बांधला, तोही राजस्थानी वळणाचा. मागे किल्ला, हातात तलवार. मी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिणाऱ्या माणसाचा मुलगा आहे. दुसऱ्यांदा सांगितले, की फेटा नको, तर त्याने शेत आणि बैलजोडी दिली. पाचव्या खेपेला मी नाद सोडून कोळशाने कागदावर स्वतःच काढले. चित्र माझ्यासारखे झालेले नाही, पण कानावर खोचलेले पेन आले आहे, आणि ते वडिलांचे आहे.

चित्रकलेचे सर (निवृत्त)

बेळगावच्या मराठी शाळेत मी बत्तीस वर्षे चित्रकला शिकवली. लोअर आणि हायर परीक्षांना मुले बसवणे हे माझे मुख्य काम होते, पण दर वर्षी दहावीच्या मुलांकडून एक आत्मचित्र करून घ्यायचा नेम मी मोडला नाही. ज्या गावाने के. बी. कुलकर्णींसारखा व्यक्तिचित्रकार शिक्षक पाहिला आणि रवी परांजपे यांच्यासारखा त्यांचा शिष्य महाराष्ट्राला दिला, त्या गावात मुलांना स्वतःचे तोंड काढता येऊ नये, हे मला पटत नसे.

पूर्वी मुले आरसा आणत आणि नंतर मोबाईल आणू लागली. इथे एक गंमत होते. आरशात डावे-उजवे उलटते. फोनचा पुढचा कॅमेराही बघताना आरशासारखाच दाखवतो, पण पुष्कळ फोनांत जतन झालेला फोटो मात्र सुलटा असतो. एका मुलीने आरशात बघून चित्र काढले आणि फोटोशी ताडून पाहिले, तर गालावरचा तीळ दुसऱ्या बाजूला गेला होता. ती रडकुंडीला आली. तेव्हा मी तिला व्हॅन गॉगचे १८८९ सालचे कानाला पट्टी बांधलेले आत्मचित्र दाखवले. जखम डाव्या कानाला होती, चित्रात पट्टी उजवीकडे दिसते, कारण तोही आरशासमोर बसला होता. मॉडेलला द्यायला पैसे नसत, म्हणून त्याने पस्तीसहून अधिक वेळा स्वतःलाच बसवले. मुलीने तीळ होता तिथेच ठेवला.

गवंतीताई, तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट. अमृता शेरगिल यांची आई हंगेरियन आणि वडील शीख, जन्म १९१३ चा बुडापेस्टचा. १९३४ साली पॅरिसमध्ये त्यांनी स्वतःला ताहिती बेटावरच्या स्त्रीच्या रूपात रंगवले, म्हणजे आई-वडील दोघांच्याही मुलखाबाहेरचे तिसरेच रूप घेतले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्या भारतात परतल्या. तुमच्या स्कूटीवरून मला ते चित्र आठवले. तुलना जरा ताणली आहे, हे मान्य.

गवंती

सर, शेरगिल यांच्या शेजारी माझी स्कूटी लावल्याबद्दल आभार. निपाणीकर, पदर इस्त्रीला गेला आहे, सोमवारी नक्की.

चौथी चौकट

मी फोनवर बोटाने चार चौकटींच्या चित्रकथा काढते. नायिका माझी आजी आहे, चष्म्याला दोरा, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, कमरेला किल्ल्या. पहिल्या दहा-बारा भागांत मी तिच्या तोंडी “मी येते गं” असे लिहिले. चित्र हुबेहूब होते, तरी काहीतरी चुकत होते. भाऊ म्हणाला, “ही आपली आजी नव्हे, टीव्हीतली आहे.” आपल्याकडे बायका “मी येतो”, “मी जेवलो” असेच म्हणतात, आजीही तसेच म्हणते आणि घरात मीही तसेच म्हणतो. (बघा, हे लिहितानाही आलेच.) पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मी ते जिभेवरून काढून टाकले होते. कोणी हसले तेही फार नाही, पण मला ते पुरेसे होते.

तेराव्या भागापासून आजी तिच्या भाषेत बोलू लागली. लगेच चार वाचकांनी व्याकरणाची चूक दाखवली, एकाने तर फार प्रेमाने, तुम्ही छान काढता पण लिंगविचार कच्चा आहे, असे लिहिले. मी उत्तर दिले नाही. पुढच्या भागात आजी वाचकांकडे तोंड करून म्हणते, “मी चुकलो काय?” आणि चौथ्या चौकटीत ती मांडे भाजायला निघून जाते. तेव्हापासून आजीचे हात काढताना मला जुना फोटो समोर ठेवावा लागत नाही.

घाईत आहे

चित्रकथा वाचायला मिळेल का? आणि मांडे आजी खरेच घरी करतात का? माझ्या सासूबाई मांड्याचा विषय निघाला की गप्प होतात.

चौथी चौकट

करते, पण भाजताना कोणी स्वयंपाकघरात आलेले तिला चालत नाही. त्यामुळे चौथी चौकट नेहमी पाठमोरी असते.

अक्षरजुळणी

पेंटरच्या लेकीला एक तांत्रिक टीप. छापखान्यातल्या कामात मला सर्वांत जास्त त्रास ‘ल’ने दिला आहे. आपला मराठी ‘ल’ दोन पाकळ्यांचा असतो, पण पडद्यावर बहुतेक वेळा हिंदी वळणाचा उभ्या दंडाचा ‘ल’ उमटतो. युनिकोडमध्ये दोघांना क्रमांक एकच आहे. फाँटमध्ये मराठीसाठी वेगळे रूप बसवलेले असेल आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल, तरच आपला ‘ल’ मिळतो. मी लग्नपत्रिकांमध्ये तो जपून घालतो. आजवर एकाही गिऱ्हाइकाच्या लक्षात आलेले नाही, आणि तरीही दंडाचा ‘ल’ छापून गेला की मला दुसऱ्याच कोणाच्या नावाने सही केल्यासारखे वाटते. तुमच्या वडिलांचा ‘ल’ कसा होता?

पेंटरची लेक

हे बघायलाच हवे. मालकांनी फळी परवापर्यंत ठेवली आहे, पुढे त्यांना ती कांद्याच्या पोत्यांखाली घालायची आहे. वरचा कन्नड थर खरवडावा असे मनात आले होते, पण तोही बाबांचाच आहे, म्हणून हात धजावत नाही. सर, काही मार्ग आहे का?

चित्रकलेचे सर (निवृत्त)

खरवडू नका. खोली अंधारी करा, टॉर्च फळीच्या कडेला जवळजवळ टेकवून तिरपा धरा आणि फोटो काढा. इनॅमलचा जुना थर किंचित उंच असतो, त्याची सावली पडते. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून चार फोटो घ्या आणि तुमच्या टॅबवर एकावर एक ठेवा.

पेंटरची लेक

झाले. मालकांच्या नातवाने टॉर्च धरला आणि मी दुकानाच्या मागच्या खोलीत फोटो काढले. ‘णा’ किराण्यातला नव्हताच. चारही फोटो एकत्र केल्यावर ओळ लागली, ‘शेंगदाणा तेल’, आणि त्यापुढे भाव लिहायला मोकळी सोडलेली जागा. अक्षरजुळणीकाका, तेलातला ‘ल’ दोन पाकळ्यांचा आहे, उजवी पाकळी डावीपेक्षा थोडी मोठी. नव्या पाटीच्या उरलेल्या चाळीस टक्क्यांत तोच घालते आहे. मालक म्हणाले, हरकत नाही, पण तेल आता पाकिटातून येते, तेवढा शब्द बदला.