मदत हवी आहे: पॅकेटमधील मजकूर पाहून अडवणारा फायरवॉलचा नियम कधी लागू होतो, कधी होत नाही

नमस्कार. पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या एका अभ्यासिकेचे नेटवर्क मी सांभाळतो. बाहेरून आलेली फायबर जोडणी, मधे राउटर म्हणून डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) घातलेला एक जुना डेस्कटॉप आणि त्यामागे वाय-फाय, एवढीच रचना आहे. पैसे लावून खेळायच्या काही संकेतस्थळांवर आमच्याकडची काही मुले घरून आलेले मेसचे आणि खोलीभाड्याचे पैसे घालवू लागली आहेत. ती संकेतस्थळे निदान आमच्या जोडणीवरून तरी उघडू नयेत, अशी व्यवस्था मला करायची आहे. आयपी पत्ता अडवून भागत नाही, कारण ही संकेतस्थळे मोठ्या सीडीएनच्या (अनेक संकेतस्थळांचा मजकूर एकाच सर्व्हर-जाळ्यातून पुरवणाऱ्या सेवेच्या) मागे आहेत आणि त्याच पत्त्यांवरून अगणित निरुपद्रवी संकेतस्थळेही चालतात. म्हणून आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉल साधनातील स्ट्रिंग मॅचने (ठरावीक अक्षरे शोधणाऱ्या सोयीने) पॅकेटच्या आतला मजकूर तपासणारे नियम मी लिहिले आहेत.

डीएनएसपुरते, म्हणजे नावावरून आयपी पत्ता विचारण्याच्या टप्प्यापुरते, काम झाले आहे. एक्झाम्पल डॉट कॉम असे नाव जसेच्या तसे शोधणारा नियम पोर्ट ५३ वर कधीच लागू होत नव्हता, कारण डीएनएसच्या पॅकेटमध्ये नावातला टिंब मुळी नसतोच: आधी ७ हा अंक एका बाइटमध्ये, मग एक्झाम्पलची सात अक्षरे, मग ३, मग कॉमची तीन अक्षरे आणि शेवटी शून्य, अशी मांडणी असते. तीच मांडणी हेक्स स्ट्रिंगमध्ये लिहून दिल्यावर आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करण्याचा पर्याय लावल्यावर नियम नेमका चालू लागला.

अडचण पोर्ट ४४३ वर, म्हणजे एचटीटीपीएसवर, आहे. टीएलएस (सांकेतिक) जोडणीच्या सुरुवातीला ब्राउझर जो क्लायंट हॅलो पाठवतो, त्यातल्या एसएनआय या रकान्यात संकेतस्थळाचे नाव उघड असते आणि तिथे टिंबही टिंबच असतो, त्यामुळे साधी स्ट्रिंग पुरेशी व्हायला हवी. क्लायंट हॅलो निघतो तोपर्यंत टीसीपीची जोडणी प्रस्थापित झालेली असते, म्हणून प्रस्थापित जोडण्यांना सरसकट परवानगी देणाऱ्या नियमाच्या वर, फॉरवर्ड चेनमध्ये, मी हा नियम ठेवला आहे. कर्ल या आज्ञेने किंवा जुन्या ब्राउझरने संकेतस्थळ उघडून पाहिले की ते प्रत्येक वेळी अडते. अद्ययावत क्रोममध्ये मात्र तेच पान कधी अडते, कधी सरळ उघडते, आणि नियमासमोरचा मोजणीचा आकडाही त्या त्या वेळी वाढत नाही. यूडीपीवर चालणाऱ्या क्विक या प्रोटोकॉलचा संशय होता, म्हणून यूडीपी ४४३ पूर्ण बंद करून पाहिले. तरी फरक पडला नाही.

टीएलएस मधेच उलगडणारी प्रॉक्सी बसवून प्रत्येकाच्या उपकरणावर आपले प्रमाणपत्र टाकण्याचा उपाय कृपया सुचवू नये. उपकरणे विद्यार्थ्यांच्या मालकीची आहेत, त्यांच्यावर ते बँकेचे आणि घरचे व्यवहार करतात, आणि तो मजकूर माझ्या यंत्रावर उघडा होणे मला मान्य नाही. मला फक्त नावापुरती तपासणी हवी आहे. नियम असा अधूनमधून का चुकतो आणि याच जुन्या यंत्रावर भरवशाचे काय चालवता येईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद:

नमस्कार. आपण नियमांची जी क्रमवारी लावली आहे ती बरोबर आहे आणि स्ट्रिंगही बरोबर आहे. दोष त्या मॅचच्या स्वभावात आहे: ते एका वेळी एकच पॅकेट पाहते आणि मागच्या पॅकेटचे त्याला काही आठवत नाही. पूर्वी क्लायंट हॅलो पाचसहाशे बाइटांत मावत असे, म्हणजे एका पॅकेटात. क्रोमने २०२४च्या एप्रिलमधील १२४ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपवर क्वांटम संगणकालाही पुरून उरेल अशी संमिश्र किल्ली देवघेव सुरू केली. तिच्यातली नवी सार्वजनिक किल्ली एकटीच ११८४ बाइटांची आहे आणि जुन्या पद्धतीची ३२ बाइटांची किल्ली धरली की १२१६ बाइट होतात. इथरनेटवरच्या एका टीसीपी पॅकेटात जेमतेम १४६० बाइट मजकूर जातो, फायबरवर पीपीपीओई (सेवादात्याकडे लॉग-इन करून जोडणी घेण्याची पद्धत) असेल तर आणखी आठ कमी, त्यामुळे आता क्लायंट हॅलो दोन पॅकेटांत तुटतो. त्यातच क्रोम क्लायंट हॅलोमधल्या एक्स्टेन्शनांचा (एसएनआयसारख्या जोड-रकान्यांचा) क्रम प्रत्येक जोडणीत बदलतो, म्हणून एसएनआय कधी पहिल्या पॅकेटात येतो, कधी दुसऱ्यात, आणि कधी नाव नेमके सांध्यावर येऊन त्याचे दोन तुकडे होतात. तुकडे झाले की कोणत्याच पॅकेटात पूर्ण स्ट्रिंग सापडत नाही.

यात आणखी एक गुंता आहे आणि त्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. लिनक्समध्ये जीआरओ नावाची सोय चालू असते. नेटवर्क कार्डावर पाठोपाठ आलेली एकाच जोडणीची पॅकेटे कर्नल फायरवॉलच्या आधीच जोडून एक मोठे पॅकेट करतो. दोन्ही तुकडे असे जोडले गेले की सांध्यावरचे नावही नियमाला सापडते, दुसरा तुकडा क्षणभर मागे राहिला की सापडत नाही. राउटरवर टीसीपीडम्प (पॅकेटे दाखवणारे साधन) लावून पाहा: १५०० बाइटांहून मोठे पॅकेट दिसले तर ते असे जोडलेले आहे. ईथटूल या आज्ञेने जीआरओ तात्पुरते बंद करून तेच पान पुन्हा पुन्हा उघडले, तर नियम चुकण्याचे प्रमाण वाढलेले दिसेल. मात्र हे केवळ निदानासाठी करावे. जीआरओवर भिस्त ठेवून गाळणी उभारणे मला योग्य वाटत नाही, कारण पॅकेटे कोणत्या क्षणी येतात यावर आपला ताबा नसतो.

भरवशाचा उपाय म्हणजे पॅकेट सोडून प्रवाह पाहणारे साधन. सुरिकाटा हे मुक्त स्रोत साधन एनएफक्यू या कर्नलमधील रांगेच्या मार्गे फायरवॉलला जोडता येते. ते टीसीपीचे तुकडे सांधून क्लायंट हॅलो पूर्ण वाचते आणि त्याच्या नियमांत एसएनआयसाठी स्वतंत्र शब्द आहे. तिथे नाव शेवटाकडून जुळवण्याची अट घालावी, म्हणजे उपनावेही अडतील. फक्त नावाआधीचा टिंब अटीत ठेवा, नाहीतर शेवट सारखा असलेले परके संकेतस्थळही त्यात सापडेल. मूळ नावासाठी, टिंब न ठेवता पण पूर्ण नाव तंतोतंत जुळवणारा, वेगळा नियम लागेल.

जुन्या यंत्राची काळजी रास्त आहे, पण सगळी रहदारी सुरिकाटाकडे पाठवण्याची गरज नसते. कनेक्शनबाइट्स मॅच वापरून प्रत्येक जोडणीची दोन्ही दिशांची मिळून पहिली पंधरावीस पॅकेटेच रांगेत घाला, बाकीची थेट जाऊ द्या; त्यासाठी कनेक्शन ट्रॅकिंगमधील मोजणी आधी चालू करावी लागते. रांगेच्या नियमाला बायपासचा पर्यायही द्या, म्हणजे सुरिकाटा बंद पडले तरी ऐन सराव परीक्षेच्या वेळी अभ्यासिकेचे इंटरनेट बंद पडणार नाही.

यूडीपी ४४३ बंदच ठेवा. क्विकचे पहिले पॅकेट सांकेतिक रूपात असते. त्याची किल्ली त्याच पॅकेटातल्या जोडणी क्रमांकावरून काढता येत असली, तरी साध्या स्ट्रिंगला ते कधीच दिसणार नाही. क्विक मिळाले नाही की ब्राउझर आपोआप टीसीपीवर येतो.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. जीआरओ बंद केल्यावर नियम आपण म्हणालात तसाच अधिक वेळा चुकू लागला, आणि टीसीपीडम्पमध्ये एका पॅकेटाच्या अखेरीस नावाची पहिली चार अक्षरे व पुढच्याच्या आरंभी उरलेली, असे स्पष्ट दिसले. सुरिकाटा बसवले आहे आणि क्रोममध्येही ती पाने आता अडत आहेत. दोन शंका उरल्या आहेत. अडवलेले पान बराच वेळ नुसते फिरत राहते, त्याऐवजी विद्यार्थ्याला कारण सांगणारे पान दाखवता येईल का? आणि एसएनआयच झाकला गेला, तर पुढे काय?

प्रतिसाद:

पान फिरत राहते कारण नुसते ड्रॉप केल्यावर (उत्तर न देता टाकून दिल्यावर) ब्राउझर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. नियमात ड्रॉपऐवजी रिजेक्ट लिहा, म्हणजे टीसीपी रीसेट जाईल आणि ब्राउझर लगेच थांबेल. कारण सांगणारे पान मात्र एचटीटीपीएसवर दाखवता येणार नाही. त्यासाठी तेच प्रमाणपत्र लागेल जे आपल्याला टाळायचे आहे. अभ्यासिकेच्या सूचना फलकावर कोणत्या प्रकारची संकेतस्थळे बंद आहेत आणि का, हे स्वच्छ शब्दांत लिहून लावणे अधिक चांगले.

झाकलेल्या एसएनआयसाठी लागणारी किल्ली ब्राउझरला डीएनएसच्या एचटीटीपीएस नोंदीतून मिळते, त्यामुळे डीएनएस आपल्या हाती असणे महत्त्वाचे आहे. राउटरवर अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर चालवून ती नावे तिथेच नाकारा, सांकेतिक डीएनएसचे पोर्ट ८५३ बंद करा, आणि फायरफॉक्ससाठी मोझिलाने ठरवलेल्या खुणेच्या नावाला अस्तित्वात नाही असे उत्तर द्या, म्हणजे वापरकर्त्याने स्वतः चालू केलेले नसेल तर तो आपले वेगळे डीएनएस वापरणार नाही. व्हीपीएन वापरणारा यातूनही जाईल, आणि त्याच्यामागे लागून बाकीच्यांची रहदारी अडखळू देऊ नये असे माझे मत आहे.

एक गोष्ट आजच करावी. सुरिकाटाची नोंदवही मूळ मांडणीत प्रत्येक टीएलएस जोडणीचे नाव, वेळ आणि उपकरणाचा पत्ता लिहून ठेवते, म्हणजे कोण कोणत्या बँकेच्या किंवा दवाखान्याच्या संकेतस्थळावर गेले तेही. या नोंदवहीच्या, म्हणजे ईव्हच्या, नोंदींच्या यादीतून टीएलएस, डीएनएस, एचटीटीपी आणि फ्लो हे प्रकार काढून टाका आणि केवळ अडवलेल्या जोडण्यांची नोंद ठेवा. आधी साठलेली फाइलही पुसून टाका.