नबाब, नायब आणि नन्नाचा पाढा

खोडरबर:
विल्यम सफायर या अमेरिकी गृहस्थांची मराठीत ओळख करून देणारा मजकूर हातात आहे. जन्म १९२९, मृत्यू २००९. आधी जनसंपर्काचा धंदा, मग अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्यासाठी भाषणं लिहिणं, १९७३ पासून ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये स्तंभ, १९७८ साली पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक. दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

एक, त्यांना ‘कॉन्झर्व्हेटिव्ह कॉमेंटेटर’ म्हणतात. मी ‘पुराणमतवादी भाष्यकार’ लिहिलं आणि डोळ्यांपुढे शेंडी-उपरण्यातले शास्त्रीबुवा उभे राहिले. दोन, निक्सन यांचे उपाध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांना त्यांनी लिहून दिलेलं ते गाजलेलं ‘नॅटरिंग नेबॉब्ज ऑफ निगेटिव्हिझम’. सरकारच्या प्रत्येक कामात खोट काढणाऱ्यांना मारलेला टोमणा आहे. अर्थ पोचवता येतो, पण ते तीन ‘न’ कुठून आणू?

पाटीपेन्सिल:
‘हुजूरपक्षीय भाष्यकार’. (पळतो.)

अनुस्वार:
पळू नका, हुजूर पक्ष म्हणजे ब्रिटनचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष, तो विलायतेतच राहू द्या. मजूर पक्षाशी यमक जुळतं म्हणून तो शब्द आपल्या वृत्तपत्रांत टिकला, अमेरिकेला लावला तर हसू येईल.

खोडरबर, ‘पुराणमतवादी’ खोडाच. पुराणमतवादी म्हणजे जुनं ते सोनं म्हणणारा. सफायर यांचा खरा हट्ट वेगळाच होता, सरकारने माणसाच्या घरात डोकावू नये हा. निक्सन यांच्या कारकिर्दीत ज्यांचे फोन चोरून ऐकले गेले त्यांत हे स्वतः होते, तेही व्हाइट हाउसच्या पगारावर असताना! पुढे २००२ मध्ये बुश सरकार नागरिकांची सगळी माहिती एका ठिकाणी गोळा करायला निघालं, तेव्हा स्वतःच्याच बाजूच्या सरकारवर ते तुटून पडले. १९९२ मध्ये मत दिलं क्लिंटनना, आणि चार वर्षांनी हिलरींना ‘जन्मजात खोटारड्या’ ठरवून मोकळे. ‘उजव्या विचारांचे’ एवढंच लिहा. शब्द सैलसर आहे, पण माणूसही सैलसरच उजवा होता.

पाटीपेन्सिल:
आता गंभीरपणे. त्यांच्या पहिल्या धंद्याला ‘जनसंपर्क सल्लागार’ म्हणणं फार इस्त्रीचं वाटतं. आपल्याकडे नेमका शब्द आहे: खटपट्या. १९५९ साली मॉस्कोत अमेरिकी प्रदर्शन भरलं होतं. सफायर तिथे एका घरबांधणी कंपनीचे प्रसिद्धीवाले म्हणून गेलेले. कंपनीने नमुन्याचं घर उभं केलं होतं, लोकांना मधून चालत जाता यावं म्हणून दोन भागांत चिरलेलं. या पठ्ठ्याने तेव्हा उपाध्यक्ष असलेले निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना गर्दीतून नेमकं त्याच घराकडे वळवलं. स्वयंपाकघराच्या कठड्याशी दोघांची जुंपली, आणि तो प्रसिद्ध फोटोही काढला यांनीच. अशिलाचं स्वयंपाकघर जगभर छापून आलं. याला सल्ला म्हणत नाहीत, खटपट म्हणतात.

काठावरचा:
खटपट्या झकास. पण असली गंमत ‘नेबॉब’मध्ये आहे आणि ती अजून कुणी काढलीच नाही.

‘नेबॉब’ म्हणजे आपला नबाबच. अरबीत ‘नाइब’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणारा, त्याचं अनेकवचन ‘नुव्वाब’. आदरार्थी अनेकवचन एका माणसाला चिकटलं आणि मोगलांचा सुभेदार नवाब झाला. मराठीने ‘व’चा ‘ब’ केला, पोर्तुगिजांनी ‘नबाबो’ केलं आणि इंग्रजांकडे ‘नेबॉब’ गेला. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत इकडे गबर होऊन मायदेशी परतणाऱ्या क्लाइव्हसारख्या मंडळींना तिकडचे लोक याच नावाने हिणवत. आपणही उठायला उशीर करणाऱ्या पोराला ‘उठा नबाब’ म्हणतोच की.

आणि मूळचा एकवचनी नाइब? तो नायब होऊन आपल्या तालुक्याच्या गावी बसला आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एकदा अख्खी दुपार तहसील कचेरीत बाकावर काढली. समोरच्या दारावर ‘नायब तहसीलदार’ अशी पाटी, ‘य’चा पाय रंग उडून गेलेला. करायला दुसरं काही नव्हतं, तेव्हा डोक्यात आलं की हा आतला माणूस एकवचन आणि लखनौचा नबाब अनेकवचन. गोव्यातल्या मंडळींना तर १९८७ पर्यंतचे नायब राज्यपाल आठवत असतील.

आता अ‍ॅग्न्यू यांच्याकडे पाहा. सप्टेंबर १९७०, सॅन डिएगोतलं ते भाषण. बोलणारा कोण, तर उपाध्यक्ष, म्हणजे शब्दशः नायब. आणि तो विरोधकांना म्हणतोय नबाब! शब्दांचं मूळ खणायची हौस असलेल्या सफायर यांना हे माहीत असणार असं मला आपलं वाटतं. पुरावा नाही.

अनुस्वार:
वा! भाषांतरात ‘नबाब’ राहिलाच पाहिजे मग. ‘नॅटर’चा अर्थ विलायतेत हल्ली गप्पा छाटणे, पण मुळात कुरकुर. ‘निगेटिव्हिझम’ला ‘नकारात्मकता’ नको, तो व्यवस्थापनाच्या शिबिरातला शब्द. नकारघंटा आहे, नन्नाचा पाढा आहे. माझा प्रस्ताव: ‘नकारघंटा नाचवणारे नबाब’.

काठावरचा:
घंटा बडवतात, नाचवत नाहीत.

पाटीपेन्सिल:
‘नाकं मुरडणारे नन्नाचे नबाब’. कुरकुर नाकात आली.

शाईचा डाग:
उशिरा आले. ‘नन्नाचे नबाब’ला माझंही मत. पण ‘भाष्यकार’ तसाच राहिलाय. भाष्य म्हटलं की पतंजली, शंकराचार्य. दूरचित्रवाणीवर रात्री नऊला भांडणाऱ्यांना तो शब्द आपण फुकट वाटून टाकला. त्यापेक्षा ‘टीकाकार’ बघा. मूळ अर्थ उलगडून सांगणारा. ज्ञानेश्वरी गीतेवरची टीका, मल्लिनाथ कालिदासाचा टीकाकार. आज मात्र टीका म्हणजे खोट काढणं. अ‍ॅग्न्यू यांचीही तक्रार हीच होती की अध्यक्षांचं भाषण संपत नाही तोच पडद्यावरचे लोक अर्थ सांगायच्या नावाखाली खोट काढतात. ते १९७३ मध्ये करचुकवेगिरीच्या प्रकरणात पायउतार झाले. त्याच वर्षी त्यांना नबाब पुरवणारा माणूस ‘टाइम्स’मध्ये टीकाकार होऊन बसला, दोन्ही अर्थांनी. १९७९ पासून शब्दांवर साप्ताहिक सदरही लिहू लागला, ते अखेरपर्यंत.

खोडरबर:
मग असं करतो: ‘आधी खटपट्या, मग भाषणलेखक, शेवटी उजव्या विचारांचा टीकाकार’. ‘नाकं मुरडणारे नन्नाचे नबाब’ घेतो, पाटीपेन्सिल यांच्या परवानगीने. सगळ्यांचे आभार.

शाईचा डाग:
अजून एक. सफायर नाही, सॅफायर. घरचं आडनाव शेवटी इंग्रजी ‘ई’ (e) नसलेलं होतं. लोक उच्चार चुकवतात म्हणून त्यांनी स्वतः ती ‘ई’ जोडून घेतली.

खोडरबर:
एकोणीस ठिकाणी आहे. बदलतो.