‘त्यापेक्षा आपलं बरं’ म्हटल्याने मन सावरतं की फक्त तोंड बंद होतं?

रानवारा (फोंडा), धागाकर्ती

रोजच्या कटकटींबद्दल कुणाकडे दोन शब्द बोललं की आपल्याकडे एक उत्तर ठरलेलं असतं. "अगो, त्यांच्या घरी बघ काय चाललंय. त्यापेक्षा आपलं बरं." नळाला पाणी नाही, त्यापेक्षा बरं. मुलाला दहावीला कमी गुण पडले, त्यापेक्षा बरं. सासूबाईंची साखर वाढली, त्यापेक्षा बरं. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तरी मला हे सांत्वन पटत नाही. का पटत नाही ते लिहिते, तुम्ही तुमचं मत मांडा.

दुसऱ्याचं दुःख मोठं आहे म्हणून माझं काम कमी होत नाही. शेजारणीच्या नवऱ्याला डायलिसिसला न्यावं लागतं हे खरं, पण म्हणून आमच्या घरची इन्सुलिनची सुई कुणी दुसरं येऊन टोचत नाही. होतं काय, की आपली अडचण सांगायचीच लाज वाटायला लागते. बोलणं बंद होतं, अडचण तिथेच राहते, आणि एखाद्या सकाळी डबा सांडला एवढ्या निमित्ताने घर डोक्यावर घेतलं जातं. त्या सांडलेल्या डब्यात महिन्याभराचं न बोललेलं असतं.

ऑगस्ट २०१९ आठवा. खांडेपारला मुख्य जलवाहिन्या फुटल्या आणि फोंडा, तिसवाडीत कित्येक दिवस नळ कोरडे. बाहेर धो धो पाऊस आणि मोरीत थेंब नाही. आमच्या इमारतीतले काहीजण "लातूरला तर रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं" असं एकमेकांना सांगत जिन्यात उभे होते. २०१६ साली लातूरला तसं झालंही होतं, पण ते आठवून आमची बादली भरली नाही. बादली भरली ती गच्चीच्या पाइपाखाली पिंपं लावणाऱ्या दोघा-तिघांमुळे. वरच्या मजल्यावरच्या आजींना आधी, लहान मूल असलेल्यांना नंतर, बाकीच्यांनी आपापली पाळी बघायची, असं त्यांनीच ठरवलं. पिण्याला टँकरचं, बाकीला पावसाचं. कुरकुर त्यांनीही केली, भरपूर केली. हात मात्र चालू होते.

मला वाटतं, नजर ताळ्यावर असणं म्हणजे एवढंच: आज संध्याकाळपर्यंत माझ्या हाताने काय होईल, पंचायतीकडे किंवा खात्याकडे काय न्यायचं, आणि कितीही डोकं आपटलं तरी जे माझ्या हातात नाही ते कुठलं, हे वेगवेगळं करता येणं.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या पाद्रीची गोष्ट गोव्यात सगळ्यांनी ऐकलेली असते. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि समोरची बडी मंडळी बघून त्याची जीभच वळेना. खाली बसलेल्या बापाने हळूच कोंकणीत म्हटलं, "ही सगळी भाजी. कातर रे भाजी!" आणि मुलगा बोलायला लागला, असं सांगतात. बाप काय म्हणाला ते बघा. "तुझ्यापेक्षा वाईट बोलणारे पुष्कळ आहेत" असं तो म्हणाला नाही. त्याने भीती उतरवली आणि पोराच्या हाताला काम दिलं. पुढे पॅरिसमध्ये याच फारियाने संमोहनाबद्दल सांगितलं की ती झोप करणाऱ्याच्या अंगातल्या कुठल्या शक्तीने येत नाही, ज्याला येते त्याच्या स्वतःच्या मनाच्या अपेक्षेने येते. मनाची ताकद ओळखलेला माणूस आपल्याच मातीतला आहे. त्या ताकदीचा उपयोग तोंड मिटून घेण्यासाठी का करायचा?

म्हादईकाठ (वाळपई)

रानवाराताई, असहमत. पूर्ण असहमत.

२३ जुलै २०२१ ला सत्तरी-डिचोलीत नद्या घरांत शिरल्या. आमच्याकडे छातीभर पाणी होतं. ओसरल्यावर आत गेलो तर फ्रीज आडवा, तांदळाच्या पिंपात चिखल, मुलीची पुस्तकं फुगून एकमेकांना चिकटलेली. एक वही उघडायला गेलो तर पानाचा लगदा बोटाला आला. मी पायरीवर बसलो तो बसलोच. कशाला हात लावावासा वाटेना. आई मागून आली आणि म्हणाली, "आपली भिंत उभी आहे ना? खालच्या वाड्यावर मातीची घरं बसली. फावडं घे आणि जा."

मी गेलो. दिवसभर दुसऱ्याच्या घरचा चिखल काढला आणि रात्री परत येऊन स्वतःच्या घराला हात घातला. त्या दिवशी कुणी मला "आज संध्याकाळपर्यंत तुझ्या हातात काय आहे याचा विचार कर" असं म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो. विचार करायला डोकं जागेवर नव्हतं. मला उठवलं ते ‘त्यापेक्षा आपलं बरं’ यानेच. तुमच्या जिन्यातली माणसं लातूर आठवून उभी राहिली, हा त्यांचा आळस. म्हणीला का दोष?

जुन्या लोकांनी पूर, साथी, उपास सगळं काढलं. त्यांच्या तोंडची वाक्यं अशी सहज मोडीत काढू नका.

खाणपट्टा (डिचोली)

तुम्हा दोघांचंही वाचलं. एकजण म्हणतो तुलना करून उठा, दुसरी म्हणते कामाची वाटणी करून उठा. उठायचं शेवटी माणसाने एकट्याने, हे दोघांनीही गृहीत धरलंय.

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खनिजाच्या खाणी थांबल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१४ ला बंदी उठली, हळूहळू गाड्या लागल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं बंद. आमच्या गावात दारोदार खनिज वाहणारे ट्रक उभे होते. बंद ट्रकची बॅटरी आधी जाते, मग टायर बसतात, मग पावसाळ्यात पाट्यावर गवत उगवतं. हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला जिवंत. त्या काळात कितीजण सांगून गेले, "नकारात्मक विचार करू नको." माझा विचार नकारात्मक नव्हता, माझं खातं नकारात्मक होतं.

माणसाला नजर बदलायला सांगितलं की बाकी काहीच बदलायची गरज कुणाला उरत नाही. म्हणून मला या सगळ्या उपदेशाची चीड येते. आम्हाला त्या दिवसांत धीर आला तो मोर्चात. शेजारी उभा असलेला माणूसही तेवढाच बुडालेला आहे आणि तेवढाच संतापलेला आहे हे दिसलं तेव्हा. राग आला की माणूस आजारी आहे असं समजायचं कारण नाही.

कुळागर (सावईवेरे)

खाणींच्या मातीने ज्यांची शेतं बुजली आणि ज्यांच्या विहिरी आटल्या त्यांना २०१२ च्या बंदीने हायसं वाटलं होतं, हेही लिहा. एकाचं संकट ते दुसऱ्याची सुटका.

रानवारा

कुळागर, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मोठा आहे. त्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. इथे तो आला तर बाकी सगळं मागे पडेल.

खाणपट्टा, रोजीरोटीच गेली तिथे नजरेच्या गोष्टी करू नयेत, हे मला मान्य आहे. माझा धागा रोजच्या जाचाबद्दल आहे. तरी एक सांगते. मोर्चा काढणं हे माझ्या वाटणीतलंच काम आहे, एकट्याने न होणारं आणि चारजणांना घेऊन करायचं. रविवारच्या ग्रामसभेत उठून बोलणं हीसुद्धा मनाची काळजीच आहे. "सकारात्मक राहा" आणि "तक्रार लेखी द्या, पोच घ्या" यांतलं दुसरं मला कधीही जवळचं.

म्हादईकाठ, तुमच्या आईने भिंतीकडे बोट दाखवलं, पण लगेच हातात फावडंही दिलं. माझी तक्रार फावडं न देणाऱ्यांबद्दल आहे.

म्हादईकाठ

फावडं नंतर. आधी भिंत दिसली म्हणून हात पुढे झाला. हा क्रम तुम्ही उलटा करताय.

तेरेखोल (पेडणे)

मी २६ वर्षांचा आहे. इथे सगळे खाली बघण्याबद्दल बोलताहेत. आमच्या वयाची मुलं दिवसभर वर बघतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजी-आजोबांच्या कागदांवर पोर्तुगीज पासपोर्ट काढून बरोबरची कितीतरी मुलं बाहेर गेली. कुणी लंडनला गोदामात आहे, कुणी हॉटेलात. फोन उघडला की त्यांचं बर्फ, त्यांची गाडी. मी मोप्याच्या विमानतळावर कंत्राटावर नोकरी करतो. पगार वेळेवर होतो, रात्री घरचं जेवतो, आणि तरीही रोज रात्री आपण मागे राहिलो असं वाटतं. घरी सांगितलं की आजी म्हणते, "बेकार पोरं बघ, त्यापेक्षा तुझं बरं."

म्हणजे तराजू तोच. मित्र वरच्या पारड्यात घालतात, आजी खालच्या. मला तो तराजूच नको आहे. रात्रपाळी संपवून मी मित्राबरोबर तेरेखोलच्या किनाऱ्याला गळ टाकून बसतो. मासा मिळो न मिळो, त्या दोन तासांत कुणाशी तुलना होत नाही. यात उपाय कमी आणि पळवाट जास्त असेल, पण दुसऱ्या दिवशी कामावर जायला जीव असतो.

ओपीडीची खिडकी (बार्देश)

मी आरोग्य केंद्रात काम करते. वाद वाचून गप्प राहवलं नाही.

रानवाराताई, तुम्ही मनात वाटणी करायला सांगता. ज्याचं मन थोडं थकलंय त्याला ते जमतं, ज्याचं खूप थकलंय त्याला नाही. म्हादईकाठ यांनी पायरीवर बसल्याचं लिहिलंय, ते अगदी नेमकं आहे. अशा वेळी डोक्याला समजावत बसण्यापेक्षा आधी पाय हलवावे लागतात. हे माझं एकटीचं मत नाही. गोव्यातल्याच १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेने यावर मोठा अभ्यास केला, तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आहे. बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीची सेवा, निम्म्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ भेटी. भेटणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी तपासलं तर भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के त्या अवस्थेतून बाहेर आले होते, नुसती नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

त्या भेटींचा गाभा फार साधा आहे. दिवसभरात काय केलं आणि तेव्हा कसं वाटलं हे बघायचं. सोडून दिलेलं एखादं लहान काम पुन्हा सुरू करायचं. अंगणात पाणी घालणं, देवळात जाऊन येणं, बहिणीला फोन करणं. आणि ज्या अडचणी खऱ्या आहेत, कर्ज, भांडण, आजारपण, त्या एकेक करून सोडवायला बसायचं. कुणी कुणाला "त्यापेक्षा बरं" म्हणत नाही, "सकारात्मक राहा" असंही म्हणत नाही. तेरेखोल, तुझी गळ टाकायची सवय मोडू नकोस, मी तिला पळवाट म्हणणार नाही.

अजून एक. झोप, भूक, कामातली गोडी दोन आठवडे गेलेली असेल, तर तो दृष्टिकोनाचा प्रश्न राहिलेला नसतो. तो आजार असतो. तिथे उपदेश थांबवून उपचाराला न्यायचं.

खाणपट्टा

ओपीडीची खिडकी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून विचारतो. धाकटा भाऊ. त्याचं टायरचं दुकान खाणींवर चालायचं. दुकान गेलं, नंतर दुसऱ्याच्या गॅरेजात लागला, तेही सुटलं. आता दुपारपर्यंत उठत नाही. जेवण समोर ठेवलं तर चिवडतो. चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला दरवर्षी हाच शिडीवर असायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. यंदा खोलीतून बाहेर आला नाही. घरी सगळे त्याला हेच सांगतात, की अमक्याने ट्रक विकला, तमक्याचं घर गहाण आहे, त्यापेक्षा तुझं बरं. मी त्याला मोर्चाच्या गोष्टी सांगतो. तो ऐकूनच घेत नाही.

रानवारा

तुम्ही हे इथे लिहिलंत ते फार बरं केलंत. आता वाद बाजूला ठेवूया.

ओपीडीची खिडकी

खाणपट्टा, उद्याच घेऊन जा, चांगला दिवस बघत थांबू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात सकाळच्या ओपीडीला न्या. ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हणून नेलं तर तो येणार नाही, पण फसवूनही नेऊ नका. "तुला झोप लागत नाही, जेवण जात नाही, ते दाखवून येऊ" म्हणा, ते खरंच आहे. आत गेल्यावर डॉक्टरांना दुकानापासून सगळं सांगा, किती दिवस चाललंय तेही. दारू वाढली असेल तर लपवू नका. गरज वाटली तर ते बांबोळीला मानसोपचार संस्थेत पाठवतील, गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, जवळच आहे. तिथे जायचं म्हणजे वेड लागलं, असं घरात कुणाला बोलू देऊ नका.

आज रात्री त्याच्याजवळ बसा आणि जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, सकाळची वाटही बघू नका, रात्रीच घेऊन निघा. काही सुचेनासं झालं तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीची ही सेवा फुकट आहे, रात्रीही चालू असते, आणि घरातल्या माणसांनाही बोलता येतं.

आणि घरच्यांना सांगा, अमक्या-तमक्याच्या गोष्टी काही दिवस पूर्ण बंद. काय झालं ते इथे किंवा मला व्यनिने (खाजगी निरोपाने) कळवा. बुधवारी माझी सुट्टी आहे, बरोबर कुणी हवं असेल तर मी येते.