बास्केटबॉल: खेळाडूचा खरा प्रभाव कसा ओळखायचा? सल्ला हवा

दर्यापूरचे_सर
नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी सतरा वर्षांखालच्या मुलींचा संघ सांभाळतो. सिमेंटचं मैदान, दोन रिंग आणि राखीव धरून नऊ मुली. सरावाआधी मोबाइलवर एनबीएच्या (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) हायलाइट्स बघतात आणि भांडतात. सध्याचा वाद असा: वेस्टब्रूकने २०१६-१७ मध्ये सामन्यामागे सरासरी ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) आणि १०.४ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट झाली असे पास) केले, म्हणजे तोच थोर. दुसऱ्या गटाचं म्हणणं, ड्रेमंड ग्रीन त्याच मोसमात दहाच्या आसपास गुण करत होता, पण विजेतेपद त्याच्या संघाला मिळालं.

मला हा वाद आमच्या मैदानावर नडतो. आपल्या स्कोअरशीटवर गुण आणि फाउल एवढंच लिहिलं जातं, त्यामुळे जिला तिला शूटच करायचंय. जी पोर दुसरीसाठी वाट मोकळी करते, तिचं नाव कुठेच येत नाही. वही-पेनावर जमेल असं काही सांगा.

जुना_सेंटर
सर, मुलींना १९६१-६२ चा मोसम सांगा. विल्ट चेंबरलेनने त्या वर्षी सरासरी ५०.४ गुण केले. आजवर कुणी त्याच्या जवळपासही गेलेलं नाही. तरी एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) ठरला बिल रसेल, आणि तेव्हा मतदान खुद्द खेळाडू करत. रसेलच्या बोस्टनने ६० सामने जिंकले, विल्टच्या फिलाडेल्फियाने ४९, आणि प्लेऑफमध्येही (मोसमानंतरच्या बाद फेऱ्या) बोस्टननेच त्यांना मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्यात हरवलं. रसेलचं मुख्य काम होतं ब्लॉक, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं, आणि तोही बॉल बाहेर न भिरकावता आपल्याच गड्याकडे टोलवायचा. ब्लॉकची अधिकृत मोजणी सुरू झाली १९७३-७४ पासून, म्हणजे तो निवृत्त झाल्यावर! १३ मोसमांत ११ विजेतेपदं मिळवणाऱ्या माणसाचं सगळ्यात मोठं काम कागदावर नाहीच. ज्यांना त्याच्यासमोर शॉट मारावा लागायचा, त्यांना मात्र ते पुरतं ठाऊक होतं.

वहीसाठी प्लस-मायनस धरा. मुलगी आत गेली तेव्हाचा स्कोअर लिहा, बाहेर आली तेव्हाचा लिहा, आणि फरक मांडा. पण एका सामन्यावरून कुणालाच जोखू नका. सोबत कोण होतं आणि समोर कोण होतं, यावर तो आकडा फार हलतो. दमदार चौघींत उभी राहिलेली पाचवीही त्यात चांगली दिसते.

वऱ्हाडी_पॉइंट
सर, आकडे जरा बाजूले ठेवा. पोरीईले सांगा, मॅच पाहताना पाच मिनिटं बॉलकडं पाहूच नका, एकट्या स्टीफन करीवर (एनबीएतला लांबून शॉट मारनारा गडी) नजर ठेवा. बॉल हातात नसला तरी तो कोपऱ्यातून पळत निघते, त्याच्या मांगं दोन-दोन गडी धावतात, अन् रिंगखाली दुसरा कोनी मोकळा उभा रायते. बास्केट त्याच्या नावावर, असिस्ट पास देनाऱ्याच्या नावावर, करीच्या नावावर कायबी नाही. हायलाइट्समधी हे दिसतच नाही, कावून का त्या शेवटच्या पासपासूनच सुरू होतात. पूर्ण मॅच पाहा लागते.

वणीकर
वऱ्हाडीभाऊंशी सहमत. वेस्टब्रूकच्या रिबाउंडबद्दल एक सांगतो. त्याच्याच संघातला स्टीव्हन ॲडम्स समोरच्या धिप्पाड गड्याला पाठीवर अडवून धरायचा आणि बॉल वेस्टब्रूकला घेऊ द्यायचा. त्यात संघाचा फायदाही होता, कारण वेस्टब्रूक बॉल घेऊन थेट पळत सुटायचा. पण नोंदीत ॲडम्सचा घाम दिसत नाही. ह्यूस्टनचा शेन बॅटियर तसाच. समोरच्या संघातल्या कोबी ब्रायंटला तो नको त्या जागेवर ढकलत न्यायचा आणि शॉटच्या क्षणी हात थेट त्याच्या डोळ्यांसमोर धरायचा.

गुण मात्र अगदीच बाजूला सारू नका, ते किती शॉटमध्ये आले ते बघा. केलेले गुण भागिले दुप्पट (शॉट अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रो). फ्री थ्रो म्हणजे फाउलवर मिळणारे मोकळे शॉट; बसलेले-हुकलेले सगळे धरा. एकीने २४ शॉट आणि ४ फ्री थ्रोमध्ये २० गुण केले तर उत्तर ०.३९ येतं. दुसरीने ७ शॉट आणि २ फ्री थ्रोमध्ये १० केले तर ०.६३. पहिलीचं नाव पेपरात येईल, पण तिने वाया घालवलेले शॉट बाकीच्या चौघींच्या वाट्याचे होते.

दर्यापूरचे_सर
सगळ्यांचे मनापासून आभार. एक अडचण राहते. आमची मुख्य मुलगी सामनाभर खेळते, बसतच नाही. मग ती नसताना काय होतं, ते कळणार कसं?

जुना_सेंटर
ते सरावात बघा. चार विरुद्ध चार खेळवा, एक जण वहीवर. सात बास्केटचा डाव. दर डावाला जोड्या बदला आणि तिला मुद्दाम कच्च्या मुलींबरोबर टाका. महिनाभर फक्त कोणता गट जिंकला तेवढं लिहा. तिच्यासोबत कुणीही असलं तरी गट जिंकत असेल, तर तुमचं उत्तर मिळालं. आणि एखादी गप्प मुलगी अशीच सारखी जिंकताना दिसली, तर तिला पहिल्या पाचात घ्या.

दर्यापूरचे_सर
हे जमेल, शनिवारपासून सुरू करतो. वहीत रकाने आखतोय: स्क्रीन (आपल्या गडीसाठी बचाव करणारीची वाट अडवणं), बॉक्सआउट (रिबाउंडसाठी समोरच्या गडीला पाठीवर अडवणं), बॉलला लागलेला हात, शॉटवर उचललेला हात, चार्ज (धावत येणारीच्या वाटेत उभं राहून तिच्यावर काढलेला फाउल). एनबीएही २०१६ पासून असलं बरंच मोजते, असं वाचलं. राखीव मुली आळीपाळीने लिहितील. अजून काही?

वणीकर
चार्ज काढून टाका, सर. त्याची नोंद होते म्हटल्यावर पोरी मुद्दाम समोर उभ्या राहतील आणि सिमेंटवर पाठीवर आपटतील. बाकी चारही ठेवा.