सिंकचा नळ बदलताय, तोही वेगळ्या प्रकारचा? अनुभवाचं लिहा

आज सिंकखालून टपटप ऐकू आली आणि जुन्या नळाची सगळी खटपट पुन्हा आठवली, म्हणून हा धागा.

भिंतीतला लांब मानेचा नळ काढून ओट्यावर बसणारा एका दांडीचा मिक्सर (गरम-थंड पाणी एकत्र सोडणारा नळ) लावायचा असेल, तर सगळे आधी नळाचा आकार बघतात. खरं बघायचं असतं ते सिंकच्या खाली. भोकं किती आणि केवढी, गरम-थंडचे अँगल कॉक (भिंतीतल्या लाइनवरचे बंद-चालू करायचे छोटे कॉक) कुठे, भोकामागे भिंतीपर्यंत जागा किती. एका भोकाच्या मिक्सरला साधारण ३५ मिमी भोक लागतं. काही मॉडेलची दांडी मागे झुकते, ती पूर्ण उघडल्यावर भिंतीला किंवा खिडकीच्या कडेला आपटते. खोक्यावर मापांचं चित्र असतं, ते पट्टी घेऊन जागेवर पडताळा.

——

आणि पाण्याचा दाब! तो कुणी बघतच नाही. गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी दर मीटर उंचीला जेमतेम ०.१ बार (बार म्हणजे दाबाचं माप) दाब देतं. टाकी नळापासून ३ मीटर वर असेल तर हातात ०.३ बार. बऱ्याच मिक्सरना किमान ०.५ ते १ बार लागतो, ओढून काढायच्या शॉवरवाल्यांना तर जास्तच. मग नवा नळ रडका निघाला असं वाटतं. नळ ठीक असतो, दाब नसतो.

——

+१. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

——

भिंतीतलाच नळ काढून भिंतीतलाच मिक्सर लावणार असाल तर दोन तोंडांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिमी हवं. थोडंफार कमी-जास्त असेल तर मिक्सरबरोबर येणारे वाकडे पाय फिरवून जुळवता येतं. दोन्ही पाय सारखेच बाहेर आले पाहिजेत आणि लेव्हल लावून बघायचे. एक आत एक बाहेर राहिला की नट तिरका चढतो, वॉशर एका बाजूने दबतो आणि तिथूनच पाणी झिरपतं. लोक मग नट अजून आवळतात. आवळून ते थांबत नाही, पाय पुन्हा काढावे लागतात.

जुना नळ काढताना सगळ्यात मोठा धोका म्हणजे भिंतीतला गंजलेला निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा पाइप) आतच मोडणं. जोर एकदम लावू नका. गंज सोडवणारं तेल मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा, आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, मग सोडवा. आत प्लॅस्टिकची लाइन आणि तिच्यात पितळी आटे असतील तर आवळताना हात आखडता घ्या. जास्त पिळलं की फिटिंग भिंतीच्या आत तडकतं आणि मग फरशी फोडण्याशिवाय इलाज नाही.

——

टेफलॉन (आट्यांवर गळती थांबवायला लावायची पांढरी टेप) किती गुंडाळायची यावर इथे नेहमी वाद होतो म्हणून लिहिते. अर्ध्या इंची आट्याला पातळ टेप असेल तर १०-१२ वेढे. आट्याचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना सुटून गोळा होते. पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर टेपचे तुकडे आत जाऊन नळाच्या तोंडाच्या जाळीत अडकतात.

——

@वरच्या ताई, बरोबर. पण जिथे रबरी वॉशर किंवा ओ-रिंग (रबराचं गोल कडं) आहे तिथे टेप नको. ओट्यावरच्या मिक्सरच्या खाली ज्या दोन नळ्या लागतात त्यांची टोकं एम१० (१० मिमी) आट्याची असतात, सील करते ती ओ-रिंग. हाताने पूर्ण बसवायची, वर पान्याचा अगदी हलका झटका. पान्याने जोर केला की रिंग चिरते. या नळ्यांपैकी एकीचं टोक लांब आणि एकीचं आखूड असतं, ते चुकून आलेलं नाही. आखूड आधी लावा, मग लांबवाल्याला हात पुरतो.

नळ्या पिळ पडू न देता लावा. फार लांब घेतल्या तर खाली वळसा पडतो, आखूड घेतल्या तर ताण येतो. ४५० मिमी की ६०० मिमी हे अँगल कॉकपासून मोजून ठरवा.

——

स्टीलचं सिंक असेल तर खाली येणारी तिकोनी प्लॅस्टिकची पट्टी फेकू नका!! पातळ पत्र्यावर उंच नळ एकटा उभा राहत नाही. दांडी ओढली की पत्रा लवतो, नळ डुलतो, आणि वर-खाली होऊन नट सैल होतो.

——

ग्रॅनाइटमध्ये भोक पाडायचंय, साध्या ड्रिलने होईल का? घाईत विचारतेय, कुकर लावलाय

——

नाही होणार. ३५ मिमी डायमंड कोअर बिट (हिऱ्याची कणी लावलेला पोकळ गोल बिट) हवा. हॅमर मोड पूर्ण बंद, वेग कमी, सतत पाणी. सुरुवात थोडी तिरकी करून खाच पाडा, मग सरळ करा, नाहीतर बिट घसरून पॉलिशवर ओरखडा उठतो. शेवटच्या काही मिलिमीटरला दाब अगदी कमी करा, खालच्या बाजूचा कपचा तिथेच उडतो. पाणी बिटवरच, ड्रिलच्या मशीनला लागू देऊ नका. आणि दगडाखाली प्लायवूड असेल तर नळाच्या स्टडची (खालून नट बसतो त्या आट्याच्या दांड्याची) लांबी दोन्हीच्या जाडीला पुरते का तेही बघा.

——

जुनी तीन भोकं असतील तर नवीन पाडायची गरजच नाही. लांब झाकणपट्टी मिळते, मधल्या भोकात मिक्सर, बाकी दोन तिच्याखाली. किंवा एका भोकात फिल्टरचा छोटा नळ.

——

फिल्टरवरून आठवलं, जुन्या नळाच्या लाइनवर फिल्टरचा छोटा कॉक असतो. तो काढून ठेवून नवीन लाइन जोडतात आणि मग संध्याकाळी लक्षात येतं की फिल्टर कोरडा. थंडच्या अँगल कॉकवर टी (तीन तोंडांचा जोड) लावून घ्या.

——

दगडावर नळाच्या बुडाशी तेलकट पुट्टी लावू नये, डाग धरते. पारदर्शक सिलिकॉनची पातळ रेघ पुरे. एक दिवस वाळू द्या.

——

सगळं झाल्यावर तोंडाची जाळी काढून दोन्ही लाइन मिनिटभर धो धो सोडा. वाळू, टेप, गंज सगळं तेव्हाच बाहेर येतं. मग जाळी लावा. गळती बघायला कोरडा टिश्यू पेपर प्रत्येक जोडावरून फिरवा, बोटाला कळत नाही इतका ओलावा त्यावर दिसतो. तासाभराने परत.

——

जाळी पांढरी होऊन धार वाकडी येते त्याला काय करायचं? नळ नवाच आहे

——

क्षार आहेत. जाळी सोडवून व्हिनेगरमध्ये अर्धा तास, मग जुन्या टूथब्रशने. काळ्या लेपाच्या नळावर मात्र व्हिनेगर ओतू नका, फक्त जाळी बुडवा.

——

ओढून काढायचा शॉवर घेणाऱ्यांनो, त्याच्या नळीला एक वजन अडकवायचं असतं, तेच शॉवर परत आत ओढतं. सिंकखाली ड्रॉवर किंवा कचऱ्याचा डबा असेल तर वजन त्यावर अडतं आणि शॉवर लोंबत राहतो. वजन नळीच्या सगळ्यात खालच्या वळणाच्या जरा वर, खूण केलेल्या जागी. आणि शॉवर भांड्यांच्या पाण्यात बुडालेला सोडू नका. लाइन बंद झाली तर ते खरकटं पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) आहे का ते घेतानाच विचारा.

——

डबा दाराच्या आतल्या बाजूला टांगा, खालची जागा मोकळी राहते

——

कोणता डबा, झाकणाचा की बिनझाकणाचा?

——

झाकणाचाच. वर नळ्यांचा जोड असतो ना.