व्याही येतायत, ओल्ड फॅशन्ड करायचंय आणि बर्फाला बांगड्याचा वास येतोय

जुना_मेकॅनिक (वेंगुर्ले)

नमस्कार मंडळी. एस्टीच्या डेपोत ३१ वर्षं मेकॅनिक होतो, आता निवृत्त. पुढच्या शनिवारी, म्हणजे अजून १२ दिवसांनी, लेकीचे सासू-सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला येतायत. व्याही पुण्याचे. माणूस मोकळा आहे, पण पिण्याच्या बाबतीत शौकीन. जावयाने एकदा आम्हा दोघांना तिकडच्या एका हॉटेलात नेलं होतं, तेव्हा त्यांनी ओल्ड फॅशन्ड नावाचं व्हिस्कीचं कॉकटेल मागवलं. जाड बुडाचा ग्लास, आत बर्फाचा एकच ठोकळा, इतका स्वच्छ की त्यातून पलीकडचं मेन्यूकार्ड वाचता यावं. माझा आपला नेहमीचा पेग, अर्धा सोडा, अर्धं पाणी. तेव्हाच मनात म्हटलं, हे आपल्या पडवीत बसून पाजायचं.

काल रात्री चाचणी घेतली, ती पूर्ण फसली. भाच्याचा प्रोटीन हलवायचा डबा होता, त्यात ६० मिली व्हिस्की, गुळाचा खडा आणि बर्फ घालून खळखळून हलवलं. झाकण नीट बसलं नव्हतं, निम्मं लुंगीवर. उरलेलं ग्लासात ओतलं तर ताकाच्या निवळीसारखं गढूळ. गूळ तसाच तळाशी. आणि पहिल्या घोटाला बांगडा! फ्रीझरमध्ये एका बाजूला बर्फाचा ट्रे, दुसऱ्या बाजूला मासळी, दुसरं काय होणार. बायको म्हणाली, चला, चाखण्याचा खर्च वाचला.

तर जाणकारांनी सांगा. हलवायचं की ढवळायचं, आणि का? कारण कळल्याशिवाय माझा हात चालत नाही, धंद्याची सवय. बर्फाचं काय करू? बिटर्स म्हणून जे घालतात ते इथल्या दुकानात विचारलं तर त्याने मला कडुलिंबाचा साबण दाखवला. आणि आम्ही आठ जण. मी एकेक ग्लास ढवळत बसलो तर बांगडे कोण तळणार?

खाडीकाठचा_बारवाला (गुहागर)

काका, मी गोव्यातल्या हॉटेलांत नऊ वर्षं बारमागे उभा होतो, आता घरचा होमस्टे बघतो. तुमची चाचणी वाचून हसलो, पण चुका अगदी शिकण्यासारख्या आहेत.

आधी का ते सांगतो. हलवलं की हवेचे बारीक बुडबुडे आणि बर्फाचा चुरा आत जातो. लिंबाचा रस, दूध, अंडं असलं काही असेल तर ते हवंच असतं, कारण नाहीतर नीट मिसळत नाही. ओल्ड फॅशन्डमध्ये यातलं काहीच नाही. व्हिस्की, साखर, बिटर्स (कडू मुळ्या-मसाल्यांचा दारूतला अर्क) आणि पाणी, बस. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका वर्तमानपत्राने कॉकटेल म्हणजे काय याची जी व्याख्या छापली, तिच्यात कुठलीही कडक दारू आणि हेच बाकीचे तीन जिन्नस होते. म्हणून ढवळायचं. तकतकीत राहतं आणि जिभेवर जड, रेशमी लागतं.

ढवळताना ग्लासावर टणटण आवाज आला तर समजा चुकतंय. फालुद्याचा लांब दांड्याचा चमचा घ्या. काचेचा जग दोन-तृतीयांश बर्फाने भरा. चमच्याची पाठ जगाच्या आतल्या भिंतीला टेकवून फिरवा, म्हणजे सगळा बर्फ एकत्र, मुकाट फिरतो. साधारण ३० सेकंद. पहिल्यांदा करताना १० व्या, २० व्या आणि ३० व्या सेकंदाला चमचाभर चाखा. घशाला चटका बसायचा थांबतो आणि वास मात्र राहतो, तिथे थांबायचं. फ्रीझरमधून थेट काढलेला, अजून पाणी न सुटलेला बर्फ असेल तर वेळ जास्त लागतो.

गुळाचा खडा थंड दारूत विरघळत नाही हो. गूळ आणि पाणी सम प्रमाणात कोमट करून फडक्यातून गाळून पाक करा. एका ग्लासाला सात-साडेसात मिली. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर खुणा असतात, ते वापरा.

आठ जणांसाठी आदल्या दिवशी बाटली भरून ठेवा. व्हिस्की ४८० मिली, पाक ६०, बिटर्स एक मोठा चमचा (साधारण १५ मिली), पाणी १००. रिकाम्या ७५० च्या बाटलीत बसतं. फ्रीजमध्ये चार तास, मग प्रत्येक ग्लासात मोठा बर्फ टाकून ८० मिली ओतायचं. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका. आपली व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, पाणी घातल्यावर ३१-३२ च्या आसपास उतरते. एका मोठ्या पार्टीला मी ठेवली होती, बाटलीतून अर्धवट गोठलेला चुरा निघाला आणि मालकाने सगळ्यांसमोर उद्धार केला.

जुना_मेकॅनिक

बाकी सगळं डोक्यात शिरलं. पण पाणी आधीच बाटलीत? व्याही काय म्हणतील, दारूत पाणी मारून ठेवलं?

खाडीकाठचा_बारवाला

काका, ढवळताना बर्फ वितळतो तेच हे पाणी. तुम्ही ढवळणार नाही, म्हणून ते मोजून घालायचं. नाही घातलं तर पहिला घोट कडक आणि शेवटचा पांचट. तुमच्या भाषेत, इंजिन तापवून मगच गाडी काढायची.

सावंतवाडी_गजाली

मामानू, एक गोष्ट मी सांगतंय. स्वस्त पडता म्हणान गोव्यातसून बाटली आणूच्या भानगडीत पडू नकात. नाक्यार डिकी उघडूक लावतत. परवान्याशिवाय आणलास तर बाटली जातली आणि वर केस. हयल्या दुकानातसून घेवा. आणि पिवचो परवानो काढलाच नसात तर तोय काढून ठेवा, एका दिवसाचोय मिळता.

व्हिस्की खयची? गोव्यात होता ती पॉल जॉन, त्यातली ब्रिलियन्स बरी. धुराच्या वासाची घेव नकात. आधीच तुमच्या बर्फाक बांगडो, वर धूर, म्हणजे सुको बांगडो चुलीर भाजल्यासारख्या लागतला.

दापोलीची_वहिनी

बिटर्सबद्दल मी सांगते. अँगोस्टुरा नावाची लहान बाटली मिळते, तिला कागदाचं लेबल तिच्या मापापेक्षा मोठं असतं, तीच खूण. १८२४ साली व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावात एका जर्मन डॉक्टरने ती पोटाचं औषध म्हणून बनवली, आता त्रिनिदादला बनते. पुण्यात मिळेल, जावयाला आणायला सांगा.

पण घरी केलेलं मला जास्त आवडतं. बिटर्सना कडूपणा येतो तो बहुतेक वेळा जेन्शियन नावाच्या मुळाने, आणि आपलं काडेकिराईत त्याच कुळातलं. ताप आला की आजी नाक दाबून पाजायची ते. पाव लिटर व्होडकात काडेकिराईताच्या चार-पाच काड्या, दालचिनीचा बोटभर तुकडा, तीन लवंगा, जायपत्रीचं एक पान, उन्हात वाळवलेली संत्र्याची साल. किराईत तिसऱ्या दिवशी काढून टाका, नाहीतर अख्खी बाटली कडू जहर होते. बाकीचं एकूण दहा दिवस राहू दे, मग गाळा. जायपत्री आमच्या परसातली, बाजारची असेल तर ताजी बघून घ्या, जुनी भुशासारखी लागते. घरचं बिटर्स अँगोस्टुराइतकं तीव्र होत नाही, एक चमच्याऐवजी दीड घाला.

वरून साल पिळायला नागपुरी संत्रं घेऊ नका, त्याची साल ढिली आणि पातळ. आमच्याकडे पपनसाचं झाड आहे, त्याची साल सोलाण्याने पातळ काढायची, पांढरा भाग येऊ द्यायचा नाही. ग्लासावर धरून दुमडली की तेलाचे बारीक थेंब उडतात. दिव्यासमोर धरून बघा, दिसतात.

कोणी कोकमाचं आगळ घाला म्हणेल. त्यात मीठ असतं आणि आंबटही, मग ते ढवळायचं पेय राहत नाही. गाडी चालवणाऱ्याला कोकम सरबत वेगळं द्या.

बर्फाचं राहिलंच. स्वच्छ ठोकळा हवा तर पाणी एकाच बाजूने गोठायला हवं. थर्माकोलच्या पेटीत बसेल असा खाण्याचा डबा ठेवा, झाकण न लावता. वरून गोठत खाली जातं, हवा आणि कचरा तळाकडे ढकलला जातो. तळ गोठायच्या आत, साधारण १८-२० तासांनी काढा, उरलेलं पाणी ओतून द्या, पावाच्या सुरीने खाच पाडून वर लाटणं मारा. पण डबा उघडा राहणार, म्हणजे फ्रीझर मासळीमुक्त हवा. बंदरावरचा बर्फ चुकूनही नको, तो मासळीचा. खाण्याचा नसलेला बर्फ निळा करायचा नियमच आहे तो याचसाठी. शेजारी कोणी शाकाहारी नाहीत का?

जुना_मेकॅनिक

मंडळी, सोमवार सकाळ, पाहुणे आत्ताच गेले.

शेजारी गुरुजी राहतात, कांदासुद्धा चतुर्मासात बंद. त्यांच्या फ्रीझरमध्ये शुक्रवारी थर्माकोल ठेवला. काय आहे विचारलं, मी म्हटलं पाहुण्यांसाठी बर्फ. खोटं नाही बोललो.

शनिवारी पाच वाजता लाइट गेली ती सात वाजता आली. मी नुसता फेऱ्या मारत होतो. पण थर्माकोलमधला ठोकळा जसाच्या तसा, फक्त कडा गोल झाल्या. पहिला तुकडा लाटण्याने उभा तडकला, दोन वाया गेले, मग हात बसला. जावई अँगोस्टुरा विसरला, म्हणून वहिनींचं किराईतच चाललं, दीड चमचा. व्याह्यांनी घोट घेतला, ग्लास कंदिलासमोर धरला आणि म्हणाले, हा मसाला कुठला? काडेकिराईत म्हटल्यावर विहीणबाई आतून ओरडल्या, अहो, ते तर मी तुम्हाला गेल्या वर्षी तापात दिलं होतं, थुंकून टाकलंत!

दुसरी बाटली केली नव्हती ही चूक. नंतरचे दोन ग्लास जगात ढवळून दिले, ३० सेकंद मोजून, चमचा भिंतीला टेकवून. आवाज नाही आला.

आज डबा परत आणायला गेलो. गुरुजींनी धुऊन, पुसून ठेवला होता. म्हणाले, डब्यात राहिलेला तुकडा ठेवून घेतला हो, पन्ह्यात घातला, फार छान स्वच्छ होता. पुढच्या वेळी सांगा, आम्हीही दोन ठोकळे करू.