मदत हवी आहे : विंडोज १० ची मुदत संपली, कॉम्प्युटर धडधाकट आहे, पण आत काय टाकलंय त्यावरचा विश्वास उडाला

सड्यावरची_कलमं

नमस्कार. देवगड तालुक्यातून लिहितेय. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट सल्ला देता येणार नाही.

घरची हापूसची बाग आहे, दोनशे चाळीस कलमं. पूर्वी सगळा माल वाशीला जायचा, दलालाची पट्टी येईल ती खरी मानायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट पेट्या पाठवायला लागलो आणि आता निम्मा माल तसाच जातो. फवारणी, राखणदारांचा पगार, पेट्यांचा खर्च, कोणाकडून किती यायचेत, हे सगळं एका डेस्कटॉपवर आहे. २०१७ साली असेंबल करून घेतलेला, इंटेलचा सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर. चार जीबी रॅम होती ती आठ केली, २०२२ मध्ये एसएसडी (वेगवान डिस्क) बसवली. आमच्याकडच्या खाऱ्या हवेने रॅमचे सोनेरी पाय काळे पडतात. पावसाळ्याआधी आणि नंतर मी ती काढते, खोडरबराने हलक्या हाताने घासते आणि परत बसवते. तौक्ते वादळात, मे २०२१ ला, कितीतरी दिवस वीज नव्हती. आली त्या संध्याकाळी बटण दाबलं आणि तो सुरू झाला. एक्सेल उघडतं, मेल येतात, कुरिअरची लेबलं छापली जातात. मला याहून जास्त काही नको आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ चालेल का ते तपासणारं प्रोग्रॅम लावून बघितलं तर प्रोसेसर बसत नाही म्हणून सांगितलं. इंटेलची आठवी पिढी आणि पुढची पाहिजे, आमची सातवी. एका पिढीने हुकलं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "चालता मां बरां? मगे टाकूचा कित्याक?" मला त्यांना उत्तर देता आलं नाही, कारण माझंही तेच म्हणणं आहे. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने जाहीर कार्यक्रमात विंडोज १० ही शेवटची आवृत्ती असं म्हटलं होतं. माणसं अशा बोलण्यावर विसंबून दहा वर्षांचा विचार करून मशीन घेतात.

इथवर असतं तर मी वाढीव सुरक्षा अपडेट्सची नोंदणी करून गप्प बसले असते. पण ती करण्याआधी सगळं जागच्या जागी आहे ना, म्हणून रात्री ते ढालीचं चिन्ह उघडलं. अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये खाली खाली गेलं की 'एक्सक्लूजन्स' म्हणून एक पान आहे, म्हणजे अँटीव्हायरसने कुठे बघायचं नाही त्याची यादी. तिथे एकच ओळ होती. सी, दोन टिंबं, तिरपी रेघ. अख्खा सी ड्राइव्ह. म्हणजे तीन वर्षं हिरवी खूण दाखवत ढाल नुसती बसून होती, बघत काहीच नव्हती.

एसएसडी बसवली तेव्हा तालुक्यातल्या ज्या दुकानात विंडोज टाकून घेतलं त्यांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "ताई, सगळीकडे असंच टाकतात. अँटीव्हायरसला बाजूला ठेवल्याशिवाय अ‍ॅक्टिव्हेट होत नाय." पाचशे रुपये घेतले होते. क्रॅक, म्हणजे लायसन्स न घेता फोडून चालवलेलं विंडोज आहे, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं, हे मान्य करते.

आता मला झोप का लागत नाही ते सांगते. बँकेचं बघून घेऊ, पासवर्ड फोनवरून बदलले. पण त्या मशीनमध्ये सहाशे बारा गिऱ्हाइकांची यादी आहे. नाव, पत्ता, फोन, आणि शेवटच्या रकान्यात माझ्या नोंदी. 'आई दुपारी एकट्या असतात, बेल दोनदा वाजवावी.' 'आजोबांना ऐकू कमी येतं.' 'मे महिन्यात घर बंद, शेजारी द्यावी.' ही माणसं मला कधी भेटलेली नाहीत. आंबा चांगला येतो एवढ्या ओळखीवर त्यांनी हे सगळं फोनवर सांगितलं. ही यादी बाहेर गेली असेल का, हे मला कळायला काही मार्ग आहे का?

आणि पुढे काय करू? नवीन मशीनचे पंचेचाळीस हजार सांगितलेत, यंदा ते शक्य नाही. पुण्याचा भाऊ म्हणतो अट चुकवून विंडोज ११ टाकता येतं. मुलीच्या कॉलेजातले सर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टिम घ्या म्हणतात. मोहोर चांगला आलाय, मार्चच्या मध्याला पेट्या सुरू होतील, त्याआधी जे करायचं ते करायला हवं.

अजून एक गोष्ट, कदाचित सगळ्यात अवघड. बाबांच्या बागेच्या डायऱ्या, २००२ ते २०१५, जुन्या डोंगलवाल्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या आहेत. डोंगल म्हणजे मशीनला लावायची छोटी किल्ली, ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. कुठल्या कलमाला कधी मोहोर आला, कधी तुडतुडा पडला, कधी काय फवारलं. त्या फाइल फोनवर उघडल्या की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. डोंगल गंजत चाललाय. विंडोज काढलं तर त्या कायमच्या जातील का?

खाडीपलीकडे

रत्नागिरीहून. ताई, पासवर्ड फोनवरून बदललेत हे फार बरं केलंत. आता त्या मशीनवर बँक किंवा मेल उघडू नका, इंटरनेटची वायर काढूनच ठेवा.

खात्री करायची असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, एस-एल-एम-जी-आर, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि एक्स-पी-आर असं लिहून एंटर मारा. अस्सल घरगुती लायसन्स असेल तर कायमचं अ‍ॅक्टिव्हेट आहे असं सांगतं. एखादी तारीख आली तर तो कंपन्या-कॉलेजांसाठीच्या पद्धतीचा गैरवापर आहे. त्यात १८० दिवसांची मुदत असते आणि क्रॅक ती गुपचूप वाढवत राहतो. वाढवत राहतो म्हणजे पूर्ण अधिकार घेऊन सतत चालू असतो, मुद्दा तो आहे.

यादी गेली का, हे खात्रीने सांगता येणार नाही. खोटा दिलासा देत नाही. सगळे क्रॅक चोरी करतात असंही नाही, पण करणाऱ्याला तिथे कोणी अडवणारं नव्हतं. त्यामुळे गेली असं धरूनच पुढची पावलं टाका.

वाढीव अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. ३० डॉलर भरून, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्डचे १००० पॉइंट वापरून किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्ज सिंक करून फुकट. पण आहे त्या विंडोजवर ते लावणं म्हणजे तळाला भोक असलेल्या होडीला नवा रंग काढणं. मशीन आधी पूर्ण पुसायलाच हवं. बाहेरच्या डिस्कवर फक्त एक्सेल, वर्ड, फोटो घ्या. प्रोग्रॅम, सेटअपच्या फाइल यातलं काहीही घेऊ नका.

तुमच्या बाबांचा प्रश्न चुकीचा नाही. फक्त त्यांना एवढं सांगा, की मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा त्याने वापरलेल्या भोकाची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती लावली नव्हती त्यांचीही मशीनं आदल्या दिवशीपर्यंत बरीच चालत होती.

कुडाळचा_दुकानदार

मी हाच धंदा करतो, म्हणून लिहितो. तुमच्या दुकानदाराने चूक केली. सांगायला हवं होतं. मीसुद्धा कितीतरी वर्षं तेच केलंय. असेंबल मशीनसोबत विंडोज येत नाही, लायसन्सची किंमत सांगितली की गिऱ्हाईक खुर्चीवरून उठतं आणि समोरच्या दुकानात जातं. २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला, माझ्या मेव्हण्याचं तिकडचं दुकान पाण्याखाली गेलं. मशीनं सुकवून परत उभी करताना बघितलं, एकाही मशीनचं लायसन्स कागदावर नव्हतं. तेव्हापासून मी बिलावर स्पष्ट लिहितो : विंडोज अस्सल, किंवा लिनक्स, किंवा 'विंडोज टाकलेलं नाही'. गिऱ्हाइकं कमी झाली, पण जी आहेत त्यांच्याशी मान वर करून बोलता येतं.

दोन गोष्टी. ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत विंडोजच्या की (लायसन्सचे नंबर) मिळतात त्यांच्या नादाला लागू नका. बहुतेक त्या दुसऱ्या कोणाच्या नावच्या असतात आणि कधीही बंद पडतात. आणि नवीन मशीनची घाई यंदा खरंच नको. रॅमचे भाव चढलेत, कारण कारखाने एआयच्या डेटा सेंटरांना माल देतायत. रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तुमची आठ जीबी जपून ठेवा.

वेंगुर्ल्याची_लेक

माझं काजूचं छोटं युनिट आहे, दोन वर्षं लिनक्स मिंटवर (लिनक्सचाच एक सोपा प्रकार) काम करतेय, तुमच्याहून जुन्या मशीनवर. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत, पैसे नाहीत, खातं उघडायची सक्ती नाही. एक्सेलच्या फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. साधे हिशोब जसेच्या तसे येतात, मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या लिहून ठेवलेल्या आज्ञा) असतील तर मात्र अडतं. व्हॉट्सअ‍ॅप ब्राउझरमध्ये चालतं. टॅली असती तर मी तुम्हाला लिनक्स घ्या म्हटलं नसतं, पण तुम्ही एक्सेलवरच आहात.

आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. डिस्कला हात न लावता सगळं दिसतं. आणि पहिल्यांदा प्रिंटर जोडा! काही जुने छोटे लेझर प्रिंटर लिनक्सवर खूप छळतात. माझे चार दिवस गेले होते. सीझनच्या तोंडावर तुमचे जाऊ नयेत.

भाऊ म्हणतो ते होतं. रूफस नावाचं टूल आहे, त्याने प्रोसेसरची अट गाळून विंडोज ११ बसवता येतं आणि सातव्या पिढीवर ते चालतंही. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क राहणार नाही हे कंपनीने स्वतःच लिहून ठेवलंय, आणि लायसन्सचा प्रश्न तसाच राहतो. तुम्हाला रात्री झोप हवी आहे, मग हा मार्ग नको.

एक मनातलं लिहिते. ते फुकट अपडेट्स घ्यायला आपल्याला सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर पाठवाव्या लागतात. युरोपात ग्राहक संघटनेने हरकत घेतल्यावर तिथल्या लोकांसाठी सेटिंग्ज पाठवायची अट काढली. म्हणजे काढता येत होती. आपल्याकडे कोणी विचारलं नाही म्हणून ती राहिली, याचं मला वाईट वाटतं.

बोरूवाला

डायऱ्यांबद्दल. मशीन पुसू नका! आधी हे करा.

त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षर मराठी म्हणून साठवलेलंच नसतं. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर काना, वेलांटी, अर्धा र असे तुकडे बसवलेले असतात आणि फाँट त्यांना मराठी रूप देतो. फाँट नसला की काला दिसणारच. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, असतं तर हा प्रश्न आला नसता. विंडोज २००० पासून मंगल फाँट आहे, पण तेव्हा छपाईवाले आणि ऑफिसं सगळी जुन्याच फाँटवर होती, तुमच्या बाबांचा काही दोष नाही.

डोंगल चालतोय तोवर प्रत्येक फाइल उघडा आणि पीडीएफ म्हणून छापा. शोधता येणार नाही, पण वाचता कायमची येईल. मग फाँटचं नेमकं नाव टिपून ठेवा, फाँटची फाइलही घ्या. त्या नावासाठी युनिकोड कन्व्हर्टर मिळाला तर मजकूर त्यातून काढा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकतात, एकदा डोळ्याखालून घालावं लागेल. डोंगलच्या पिना कोरड्या ब्रशने साफ करा, पाणी लावू नका.

सड्यावरची_कलमं

सगळ्यांचे मनापासून आभार. नऊ दिवसांनी लिहितेय.

खाडीपलीकडेदादा, तारीखच आली. १८ जून.

पेनड्राइव्हवरून मिंट चालवलं. पहिल्या संध्याकाळी प्रिंटर दिसलाच नाही. वेंगुर्ल्याच्या ताईंनी निरोपातून सांगितलं तसं दुसऱ्या ड्रायव्हरने जोडला आणि लेबल निघालं. समास डावीकडे सरकतो, पिनकोडचा शेवटचा आकडा कापला जात होता, तो रकाना अरुंद करून बसवला. बाबा शेजारी उभे होते. लेबल हातात घेऊन त्यांनी उजेडात धरलं, नीट वाचलं आणि "झाला," म्हणाले. डायऱ्या निघाल्या की मशीन पुसून मिंट बसवतेय.

गिऱ्हाइकांना सांगायचं ठरवलंय. घरातल्यांना ते पटत नव्हतं, सीझनच्या तोंडावर लोक घाबरतील म्हणाले. पण ज्यांच्या आई दुपारी एकट्या असतात त्यांना हे माहीत असायला हवं. 'कुरिअर किंवा बागेच्या नावाने कोणी पैसे, ओटीपी मागितला तर देऊ नका, आम्ही याच नंबरवरून बोलतो, फसवणूक झालीच तर १९३० ला फोन करा' असा निरोप लिहिलाय. कालपर्यंत दोनशे जणांना गेला. एका काकूंनी उलट फोन करून मोहोर कसा आहे विचारलं. शेवटच्या रकान्यातल्या नोंदी कॉम्प्युटरवरून काढल्या, आता त्या वहीत आहेत.

बोरूवालादादा, चौदा वर्षांपैकी अकरा वर्षांच्या डायऱ्यांचे पीडीएफ झाले. २००९, २०१० आणि २०११ च्या फाइल पासवर्ड मागतायत आणि बाबांना तो आठवत नाही. फयान वादळाचं वर्ष त्यातच आहे. डोंगल कालपासून तीनदा लावल्यावर एकदा ओळखला जातो. त्या काळच्या अशा फाइलचा पासवर्ड कोणी काढलाय का? देवगड ते कुडाळ कुठेही मशीन आणि डोंगल घेऊन यायची तयारी आहे.